सहाव्या पाकिटाचा निळा रंग

१

सोमवारी सकाळी मुळं पांढरीच होती.

तीन काचेच्या ताटल्या, प्रत्येकीत भाताची दहा कोवळी रोपं. शनिवारी दुपारी संचितानं ती तपासणीच्या द्रावणात बुडवून ठेवलेली. सोमवारपर्यंत मुळं निळी व्हायला हवी होती, शाईच्या दौतीतून काढल्यासारखी. पहिल्या ताटलीत निळ्याचा मागमूस नव्हता. दुसरीत आणि तिसरीत नुसती टोकं फिकी निळी, शाळेच्या शर्टावरचा डाग दहादा धुतल्यावर उरतो तेवढी.

"असं कसं होईल, ताई?" संचिता म्हणाली.

खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी आलं ते असं: तुझ्या हातात वाढली ना, मग असंच होणार. आणि ते मनात येताच मला जरा बरं वाटलं.

ती रोपं माझी होती. दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या आमच्या नव्या घरी सत्यनारायण होता. चौरंगाला बांधायला माझ्या नवऱ्यानं, विनीतनं, कल्याणच्या बाजारातून केळीचे खुंट आणले होते. गुरुजी पोथी वाचत होते आणि मी पानावरच्या पिवळ्या तुटक रेघा बघत बसले होते. केळीवर पडणारा एक विषाणू अशा रेघा उठवतो. आरती झाल्यावर मी ते पान कापलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी कोलशेतला आमच्या प्रयोगशाळेत नेलं. पूजेचं पान कापलंस म्हणून सासूबाई चार दिवस धुसफुसत होत्या.

मला रोग नको होता, त्याचं बटण हवं होतं. प्रत्येक जनुकाच्या आधी एक बटण असतं, आम्ही त्याला प्रमोटर म्हणतो. ते दाबलं गेलं तरच जनुक कामाला लागतं. विषाणूला परक्याच्या घरात शिरून आपला दिवा लावायचा असतो, म्हणून त्याचं बटण दणकट. फ्लॉवरच्या भाजीवर पडणाऱ्या एका विषाणूचं बटण सगळे वापरतात. तंबाखूच्या पानात ते झकास चालतं, पण भात, गहू अशा गवताच्या कुळात कुरकुरतं. केळीच्या विषाणूतला तेवढाच तुकडा काढून मी भातात घातला, त्याच्यापुढे निळा रंग देणारं जनुक जोडलं. बाळंतपणाच्या रजेवर जायच्या आदल्या दिवशी बाटलीतल्या इवल्या रोपाचं एक पान तपासलं होतं. गडद निळं आलेलं. मी त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवलेला. दवाखान्यातसुद्धा बघत होते.

आणि आता तेच भात पांढरं पडलं होतं.

"ब्लँकची ताटली कुठे आहे?" मी विचारलं. ब्लँक म्हणजे साधं भात, ज्यात कुठलंच बटण नाही. तुलनेसाठी ते प्रत्येक वेळी सोबत लावायचंच असतं.

"ती... लावायची राहिली, ताई."

माझ्या रजेत माझं काम सांभाळणारी संचिता काहीही विसरत नसे. सहा महिन्यांत तिनं पाठवलेले सगळे अहवाल मी माझ्या लेकीला, मिठूला, पाजता पाजता वाचले होते. त्यात एका स्वल्पविरामाची चूक नव्हती.

२

डॉ. नीला गद्रे आमच्या प्रमुख. त्यांनी ताटल्या पाहिल्या, चष्मा काढला, पुन्हा पाहिल्या.

"बटण एकाएकी मरत नाही, दक्षता. बी बदललं गेलंय. पाकिटं कुठे असतात?"

"थंड कपाटात. सहा पाकिटं. एक, दोन, तीन केळीच्या बटणाची, चार आणि पाच सर्वेशच्या फ्लॉवरच्या बटणाची, सहावं ब्लँक."

"किल्ल्या?"

"चार. तुमच्याकडे, सर्वेशकडे, संचिताकडे आणि माझ्याकडे."

त्यांनी दार लोटून घेतलं. "असलं, परकं जनुक घातलेलं बी परवानगीशिवाय या फाटकाबाहेर गेलं असेल तर प्रयोगशाळेला कुलूप लागेल. शुक्रवारी आढावा समिती येते आहे. त्याआधी मला कळायला हवं, बी कुठे आहे आणि हे कुणी केलं. चौकशी तू कर."

"मी?"

"तू सहा महिने इथे नव्हतीस. रोपं कुंडीत गेली तेव्हा नव्हतीस, वाढली तेव्हा नव्हतीस. संशय घ्यायला जागा नसलेली तू एकटीच आहेस." मग म्हणाल्या, "एक लक्षात ठेव. संचिताचा करार महिनाअखेरीस संपतो. चौकशीत तिचं नाव आलं तर नूतनीकरण तर सोडाच, कुठल्या प्रयोगशाळेच्या दारात तिला उभं करणार नाहीत. तेव्हा नाव लिहिशील ते खात्रीनं लिही."

बाहेर पडले तेव्हा अकरा वाजून गेले होते. माझी दूध काढायची वेळ. दप्तराच्या खोलीत आतून कडी लावून बसले. मशीनची घरघर चालू असताना काचेवरच्या पडद्याच्या फटीतून संचिता दिसत होती. चोवीस वर्षांची, सडसडीत, ओढणी कमरेला खोचून एकदा या टेबलावर, एकदा त्या. माझ्याच टेबलावर.

मी परत आले तो दिवस आठवला. संचिता चुलतबहिणीच्या साखरपुड्यासाठी दोन दिवस सुट्टीवर होती. काचघरात एका लांब बाकावर ओळीनं सहा कुंड्या, लोंब्या पिकून वाकलेल्या, आणि प्रत्येक कुंडीवर तिच्या अक्षरातली गुलाबी चिठ्ठी. आकडा, त्याखाली काहीबाही बारीक टिपणं, कोपऱ्यात हसरा चेहरा. माझ्या भाताला हिच्या चिठ्ठ्या. मी सहाच्या सहा भराभर ओढून काढल्या, टोपलीत टाकल्या आणि खाडीकडच्या खिडकीपासून दारापर्यंत माझ्या अक्षरातल्या पांढऱ्या पट्ट्या चिकटवत गेले. तेव्हा कुठे माझं भात मला माझं वाटलं. दुसऱ्या दिवशी दामाजीकाकांनी माझ्यासमोर लोंब्या कापल्या, एकेका कुंडीचं बी एकेका पाकिटात भरलं. पाकिटांवर अक्षर माझंच.

त्यानंतर ते बी कुणाच्या हाताला लागलं होतं?

३

दामाजीकाका कोलशेत गावातलेच. खाडीत मासळी कमी झाली तशी त्यांनी जाळं सोडलं आणि आमच्या काचघराची राखण धरली. त्याला झाली बारा वर्षं.

"काका, मी नव्हते तेव्हा भाताकडे कोण कोण यायचं?"

"दुसरा कोन येनार? ती पोरगीच. सर्वेशसाहेब आठवड्यातून एकदा येयाचे, आपल्या दोन कुंड्या बघून जायाचे." ते पाइप गुंडाळत होते. "पोरीनं तुमचे मागारी लय जपला तुमच्या भाताला. पहिलीला तं पुठ्ठ्याचा आडोसा केलेला, दार उघडला का वारा लागतो म्हणून. गानी म्हनायची त्यांच्याशी. मी बोललो, अगं ती काय पोरं हायेत? तं बोलते कशी, काका, ताईची पोरं हायेत, मना नको बोल लागायला."

माझ्या भाताला तिनं गाणी म्हणावीत. मिठूला मी कुठलं गाणं म्हणते ते घरी कुणाला ठाऊकही नाही, कारण ती माझ्या आधी सासूबाईंच्या गाण्यानं झोपते.

"तुमच्या पोरीचा कसा काय?" काकांनी विचारलं. "रांगते कं?"

"बसते आता. तुम्ही अजून काही पाहिलंत का? या दोन-चार दिवसांत?"

त्यांनी पाइप खाली ठेवला. "बोलू कं नको असा झालाय. आज सकाली पोरगी सगल्यांचे आधी आली. हातात एक ताटली. इकडंतिकडं बघलान आणि त्या मोठ्या कुकरात टाकलान."

कुकर म्हणजे आमचं वाफेचं यंत्र. त्यात गेलेलं काहीही ओळखू येण्यासारखं उरत नाही.

"त्या ताटलीत काय होतं?"

"मना काय ठाव. पन कायतरी निळा व्हता."

४

निळं. म्हणजे माझं बी प्रयोगशाळेतच होतं आणि संचितानं ते वाफेत घालून नाहीसं केलं होतं. मी तशीच तिच्याकडे जाणार होते, पण रस्त्यात सर्वेश आडवा आला.

सर्वेश आणि मी एकाच महिन्यात इथे लागलेलो. फ्लॉवरचं बटण भातात सुधारायचं त्याचं काम चार वर्षं रखडलेलं, आणि माझं केळीचं पान पूजेच्या चौरंगावरून आलेलं. त्यानं मला ते कधी विसरू दिलं नाही.

"काय मॅडम, सत्यनारायण कोपला म्हणे."

"तू शनिवारी चार आणि पाच नंबरचं तपासायला टाकलेलंस ना? काय आलं?"

"येईल ते शुक्रवारी बघ."

"आत्ता दाखव."

"समितीसमोर दाखवणार. सस्पेन्स नाय ठेवायचा काय माणसानं?"

तो हसत होता, पण टेबलाच्या खणासमोरून हलत नव्हता. मी त्याला म्हटलं, डॉक्टर गद्रेंना बोलावू का? तेव्हा त्यानं खण उघडला. चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या दोन ताटल्या. त्यानं कागद सोडला.

मुळं गडद निळी होती. टोकापासून बुडख्यापर्यंत. हे निळं मी ओळखत होते. माझ्या फोनमधल्या पानाचं निळं.

"हे तुझं नाही, सर्वेश."

"पाकीट माझं, नंबर माझा, हात माझे."

"फ्लॉवरचं बटण असं चालत नाही. चार वर्षं चाललेलं नाही."

त्याचं हसू गेलं. "चार वर्षं सगळ्यांनी मला फ्लॉवरवाला म्हटलंय. डबा उघडला तरी विचारायचे, काय रे, फ्लॉवर का? आणि तुला एक पान काय मिळालं, वर्तमानपत्रात फोटो. आता माझं चाललं तर चोरी होय?" मग त्यानं आवाज खाली आणला. "नीट विचार कर, दक्षता. तुझं बी मी पळवलं असतं तर तुझ्या पाकिटात माझं भरलं असतं ना? तुझ्या दोन आणि तीन नंबरला टोकं फिकी आलीत, मान्य, ती माझ्यासारखी दिसतात. पण पहिली? ती कोरी आहे. माझं बटण कितीही मेलेलं असलं तरी टोकाला रंग येतोच. पहिल्या पाकिटात माझं बी नाहीये. मग ते कुणाचं आहे?"

माझ्याकडे उत्तर होतं. कुठलंच बटण नसलेलं बी एकच होतं. ब्लँक. म्हणजे सहाव्या पाकिटातलं बी पहिल्यात होतं.

मग सहाव्यात काय होतं?

५

मंगळवार कपाटाच्या नोंदी चाळण्यात गेला. संचिताला मी बुधवारी दुपारी दप्तराच्या खोलीत बोलावलं. दार लावलं.

"ब्लँक लावायचा राहिला, असं तू म्हणालीस."

"हो."

"सोमवारी सकाळी कुकरमध्ये काय टाकलंस?"

ती खाली बघत राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.

"ब्लँकच होता," शेवटी म्हणाली. "सहाव्या पाकिटातला. ताई, तो निळा आला होता. ब्लँक निळा आला म्हणजे द्रावणच बिघडलं, म्हणजे माझ्या हातून काहीतरी सांडलं, मिसळलं. मला वाटलं, बाकीच्या ताटल्या तरी तुम्हाला नीट दिसू देत. तर त्या पांढऱ्या."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"कसं सांगणार? तुम्ही आल्यापासून माझ्याकडे बघून बोलतच नाही. काही विचारलं की म्हणता, वहीत लिहून ठेव. मला वाटलं, एक चूक सापडायचा अवकाश, तुम्ही मला ठेवणार नाही."

ते खोटं नव्हतं, म्हणून मला राग आला. "तुझ्याकडे किल्ली होती. बी रुजत तू घातलंस. पुरावा तू नष्ट केलास. यातून काय दिसतं ते तुला कळतंय ना?"

"कळतंय." तिनं नाक पुसलं. "माझं एवढंच आहे की बाबांना कळवू नका. बाबांनी आमच्या अख्ख्या चाळीत सांगितलंय, पोरगी भातावर संशोधन करते म्हणून."

ती गेल्यावर मी चौकशीचा कागद पुढे ओढला. सगळं जुळत होतं. तिनं पाकिटांतलं बी इकडचं तिकडं केलं, माझं काम फसावं म्हणून. सहा महिने तिनं वाढवलेलं भात मी आल्या दिवशी काढून घेतलं, तिनं त्याचा वचपा काढला. तिच्या जागी मी असते तर मला तसंच वाटलं असतं. मी लिहिलं: संचिता. पेन टेकवायला हात कचरला नाही. उलट, कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

पुढची ओळ लिहायला गेले आणि अडले. केळीचं सगळ्यात चांगलं बी तिनं ब्लँकच्या पाकिटात का घालावं? ब्लँक दर वेळी तपासतात, आणि तपासणार ती स्वतःच. कुणाला चोरी लपवायची असती तर त्यानं ती अशा जागी का ठेवली असती, जिथे ती आपल्याच हातानं पहिल्यांदा उघडी पडेल?

कागद तसाच घडी घालून पर्समध्ये ठेवला.

६

संध्याकाळी कंपनीच्या गाडीतून माणकोलीचा पूल ओलांडला की वीस मिनिटांत घर. दार सासूबाईंनी उघडलं, कडेवर मिठू. मी हात पुढे केले. मिठूनं माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि पुन्हा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"दमलीय ती," सासूबाई म्हणाल्या. "आज दिवसभर पालथी पडून पुढे सरकायचं चाललंय. बघ तरी, किती—"

"द्या इकडे." मी तिला घेतलं. ती रडली. मी आत गेले.

विनीत मागून आला. "आई सांगत होती काहीतरी, ऐकून तरी घ्यायचं."

"मला नकोय ऐकायला की मी नसताना काय काय झालं."

तो आईजवळ जाऊन बसला.

गुरुवारी सकाळी सहाला मिठू भुकेनं उठली. सासूबाई चहा ठेवत होत्या. फ्रिजमध्ये मी काढून आणलेल्या दुधाच्या तीन बाटल्या ओळीनं. आधीची आधी वापरायची, असा आमच्या घरी नेम. मिठूला कडेवर धरून मी आतल्या टोकाची उचलली.

"अगं, ती कालची," सासूबाई म्हणाल्या. "आधीची या टोकाला आहे. मी दाराकडून लावते."

"जुनी नेहमी आत असते, आई."

"तू लावतेस तेव्हा आत असते. तू कामावर जायला लागल्यापासून मी लावतेय."

मी बाटली हातात घेऊन उभी राहिले. फ्रिजचं दार उघडंच. मिठूनं हात मारून बाटलीचं झाकण पाडलं तरी मला वाकायचं सुचेना.

पहिलीला पुठ्ठ्याचा आडोसा केलेला, दार उघडला का वारा लागतो म्हणून.

दार.

"काय झालं?" सासूबाईंनी गॅस बारीक केला. "बरं नाही का वाटत?"

"आई," मी म्हटलं, "हिला जरा घ्याल?"

मी पहिल्यांदा आपणहून मिठूला त्यांच्या हातात दिलं होतं. त्यांनी तिला लगेच कडेवर घेतलं.

७

संचिता काचघराच्या पायरीवर बसली होती. माझी चाहूल लागताच उठली.

"तुझ्या गुलाबी चिठ्ठ्या," मी म्हटलं. "मी टोपलीत टाकलेल्या. कुठे आहेत?"

तिचा चेहरा उतरला. "मी उचलल्या, ताई. फेकवल्या नाहीत. आठवण म्हणून वहीत चिकटवल्यात. चुकलं का?"

वही उघडली. सहा चिठ्ठ्या, सहा हसरे चेहरे. पहिलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: दाराजवळ. वारा लागतो. पुठ्ठा ठेवणे. सहावीवर: खिडकीपाशी, ऊन सगळ्यात जास्त, पाणी दोनदा.

मी काचघरात गेले. बाक आता रिकामा होता. दारात उभी राहिले आणि दामाजीकाका रोज पाणी घालायला सुरुवात करतात ती जागा पाहिली. त्यांच्याकडून शिकलेली संचिता दारापासून मोजणार. मी आयुष्यभर खिडकीपासून मोजत आलेय, कारण उजेड तिथून येतो. मी सगळ्या चिठ्ठ्या आधी काढल्या, वाचल्यासुद्धा नाहीत, आणि मग दुसऱ्या टोकापासून नव्या लावल्या. माझी पहिली म्हणजे तिची सहावी. माझी दुसरी, तिसरी म्हणजे सर्वेशच्या दोन. सर्वेशच्या पाकिटांत आणि ब्लँकमध्ये माझी केळी. कुणी काही चोरलं नव्हतं. एक दाणाही फाटकाबाहेर गेला नव्हता.

मुळं फुटायला आठवडा लागतो, तेवढा वेळ नव्हता. पण बी भरडून त्यात कुठलं बटण आहे हे मशीन चार तासांत सांगतं. संचिताला सोबत घेऊन सहाही पाकिटांतलं बी लावलं. काय शोधतोय ते मी तिला सांगितलं नव्हतं. पडद्यावर उत्तर उमटलं तेव्हा दोन वाजले होते. पहिल्यात काही नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात फ्लॉवर. चौथ्या, पाचव्या, सहाव्यात केळी.

संचिता पडद्याकडे बघत राहिली. मग वहीकडे. तिला कळलं ते मला दिसलं. तिनं मान खाली घातली आणि वही मिटली. ती हे कुणाला सांगणार नव्हती.

पर्समध्ये तो घडी घातलेला कागद होता. मला एवढंच करायचं होतं, की पाकिटांवरच्या पट्ट्या आत्ता बदलायच्या आणि डॉक्टरांना सांगायचं, बी सापडलं, पाकिटं अदलाबदल झालेली, कुणी केली ते कळत नाही. केळीचं बटण माझ्या नावावर राहिलं असतं. संचितावरचा संशय तसाच राहिला असता, नाव न घेता, आणि महिनाअखेरीस तिचा करार आपसूक संपला असता. हे सगळं मला एका श्वासात सुचलं. किती सहज सुचलं.

"चल," मी म्हटलं. "सर्वेशलाही बोलाव."

डॉक्टर गद्रेंच्या खोलीत मी ते उभं राहून सांगितलं. खिडकी, दार, पट्ट्या, पाकिटं. सर्वेश खुर्चीत हळूहळू खाली सरकत गेला.

"म्हणजे माझ्या ताटल्या..."

"माझ्या आहेत. सॉरी, सर्वेश."

"आणि तुझी ती फिकी टोकं माझी." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "तीन दिवस मी झोपलो नाही माहितीये? आनंदानं. बायकोला सांगितलं. आईला गावी फोन केला."

"दक्षता," डॉक्टर म्हणाल्या, "एक मला समजलं नाही. चिठ्ठ्या आधीच लावलेल्या होत्या. आकडे स्वच्छ होते. दुसऱ्या दिवशी कापणी. तू त्या बदलल्यासच का?"

मी काहीतरी शास्त्रीय सांगू शकले असते. गुलाबी कागद भिजतो, शाई पसरते, असं काहीही.

"कारण त्यांवर तिचं अक्षर होतं," मी म्हटलं.

संचितानं माझ्याकडे पाहिलं, या महिन्यात पहिल्यांदाच सरळ.

डॉक्टरांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. "उद्या समितीसमोर हे असंच सांगायचं. तूच. आणि भाताचं सादरीकरण संचिता करेल. लावणीपासून कापणीच्या आदल्या दिवसापर्यंतची एकमेव बिनचूक नोंद तिच्याकडे आहे. पुढच्या हंगामाची जबाबदारीही तिचीच. तुला हरकत?"

हरकत होती. अगदी ओठांवर आली होती.

"नाही," मी म्हटलं. "शोधनिबंधावर नावही तिचं घाला. आणि तिचा करार."

"ते मी बघते."

बाहेर पडताना सर्वेशनं मला थांबवलं. दोन्ही ताटल्या त्यानं परत केल्या, मग एक पुन्हा मागून घेतली. "ही ठेवू का? फोटो काढून फेकीन." मी म्हटलं, ठेव. त्यानं ती चांदीच्या कागदात नीट गुंडाळली, खणात ठेवली आणि म्हणाला, "चौकशी अधिकारीच आरोपी. तुझा सत्यनारायण भारी आहे बाबा." आणि पहिल्यांदाच मला त्याच्या टोमण्याचं हसू आलं.

काचघरात संचिता पुढच्या लावणीच्या सहा रिकाम्या कुंड्या मांडत होती. हातात गुलाबी चिठ्ठ्यांचं पॅड. मला बघून थबकली.

"ताई, कुठून लावू?"

"तू लावतेस तशी लाव," मी म्हटलं. "मी वाचून घेईन."

घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. मिठू सासूबाईंच्या मांडीवर बसून त्यांच्या बांगड्या मोजल्यासारखं करत होती. मला बघून हसली, पण हात पुढे केले नाहीत. माझेही हात पुढे जात होते, ते मी आवरले. चप्पल काढली, हातपाय धुतले, त्यांच्याजवळ सतरंजीवर बसले.

"आई," मी म्हटलं, "आज काय काय केलं हिनं?"

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग मिठूला माझ्याकडे तोंड करून बसवलं, तिचं झबलं सरळ केलं आणि सकाळपासून सांगायला सुरुवात केली.